‘इनॅक्टिव्ह’ सर्व्हिस वर्कर : निष्क्रिय, सुप्त की थांबलेला?

कळफलक
ब्राउझरसाठी एक्स्टेन्शन (ब्राउझरला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम) लिहू पाहणाऱ्यांच्या एका मार्गदर्शिकेचा मी मराठी अनुवाद करत आहे आणि एका शब्दापाशी काम अडले आहे. क्रोममधल्या एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड सुरू केला की एक्स्टेन्शनच्या चौकटीत त्याच्या सर्व्हिस वर्करची, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या स्क्रिप्टची, लिंक दिसते. तो त्या क्षणी काम करत नसेल, तर लिंकपुढे कंसात ‘इनॅक्टिव्ह’ असे लिहिलेले असते. मी त्याला ‘निष्क्रिय’ म्हटले होते. मसुदा तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘सुप्त’ केले, कारण ‘निष्क्रिय’ वाचून नवख्या माणसाला आपल्या कोडमध्ये बिघाड झाला आहे असे वाटेल, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांची शंका रास्त आहे. ही अवस्था अगदी नेहमीची असूनही तो शब्द पाहून एक्स्टेन्शन पुन्हा पुन्हा रीलोड करत बसणारे लोक मी पाहिले आहेत. तरीही ‘सुप्त’ मला पटत नाही आणि का पटत नाही तेही नेमके सांगता येत नाही. आपण काय लिहाल?

अर्धविराम
‘सुप्त’ उत्तम आहे. सुप्त गुण, सुप्त इच्छा, सुप्तावस्था हे सगळे शब्द शाळकरी मुलालाही कळतात आणि जे आज दिसत नाही पण वेळ येताच जागे होईल, असा नेमका भाव त्यांत आहे. मला खटकते ते दुसरेच. ‘इनॅक्टिव्ह’साठी आपण एवढा खल करायचा आणि त्याच मार्गदर्शिकेत ‘एक्स्टेन्शनचे डीबगिंग’ (कोडमधल्या चुका शोधून काढून टाकणे) तसेच ठेवायचे, याला काय अर्थ आहे? एक्स्टेन्शनला ‘विस्तारक’ आणि डीबगिंगला ‘दोषनिवारण’ हे शब्द कोणाच्याही जिभेला जड नाहीत. ते वापरले जात नाहीत, कारण आपण ते वापरत नाही.

गाळणी
मी रोज हेच काम करते, म्हणून दोन्ही शब्दांना माझी हरकत नोंदवते.

आधी ‘सुप्त’. क्रोममध्ये मॅनिफेस्टच्या (एक्स्टेन्शनची माहिती ब्राउझरला देणाऱ्या फाइलच्या) तिसऱ्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शनच्या पार्श्वभूमीचे काम सर्व्हिस वर्कर करतो आणि ३० सेकंद त्याला काही काम आले नाही की ब्राउझर त्याला संपवतो. झोपवत नाही, संपवतो. पुढची घटना घडली की तोच कोड पहिल्या ओळीपासून नव्याने चालतो आणि आधीच्या व्हेरिएबलमधले, म्हणजे कोडने चालताना लक्षात ठेवलेल्या मूल्यांपैकी, काहीही शिल्लक राहिलेले नसते. निजलेला माणूस उठला की त्याला कालचे आठवते. याला काहीच आठवत नाही. ‘सुप्त’ हा शब्द वाचकाला स्मृती टिकेल असे आश्वासन देतो आणि नेमक्या त्याच समजुतीपायी नवखे लोक फसतात.

एक उदाहरण देते. पानावरचे कठीण शब्द अधोरेखित करून त्यांची एकूण संख्या चिन्हावर दाखवणारे एक एक्स्टेन्शन माझ्याकडे दुरुस्तीला आले होते. संख्या मध्येच शून्यावर जाते, अशी तक्रार होती. मी सर्व्हिस वर्करच्या लिंकवर क्लिक करून डेव्हटूल्स (ब्राउझरमधली कोड तपासण्याची साधने) उघडले, त्यातल्या संदेश दाखवणाऱ्या कन्सोलवर नजर ठेवून पानामागून पान उघडले, आणि संख्या अगदी बरोबर वाढत गेली. डेव्हटूल्सची खिडकी बंद करून थोडा वेळ जाऊ दिला की पुन्हा शून्य. ती खिडकी उघडी असेपर्यंत ब्राउझर सर्व्हिस वर्करला संपवत नाही, हे या कोड्याचे उत्तर होते. पाहत राहिलो तर दोष दिसतच नाही. संख्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेली होती, ती एक्स्टेन्शनच्या स्टोरेजमध्ये हलवली आणि प्रश्न मिटला. असा दोष मुद्दाम घडवून पाहायचा असेल तर डेव्हटूल्सच्या ॲप्लिकेशन पॅनेलमधून सर्व्हिस वर्कर हाताने थांबवता येतो.

आता ‘दोषनिवारण’. डेव्हटूल्स कोणताही दोष निवारत नाहीत. ते फक्त दाखवतात : कोणती ओळ चालली, कोणते मूल्य काय होते, कोणती विनंती अडली. निवारण आपण संपादकात जाऊन करतो. या साधनांना ‘दोषनिवारण साधने’ म्हणणे म्हणजे एक्स-रेच्या यंत्राला औषध म्हणणे आहे.

मुद्रितशोधक
गाळणीताईंनी दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. ‘डीबग’ या क्रियापदात शोधणे आणि काढून टाकणे या दोन क्रिया एकत्र आहेत. आपल्याकडे दोन्ही पेलणारा एक शब्द तयार आहे आणि तो म्हणजे ‘शोधन’. संस्कृतात शुध् धातूपासून आलेला हा शब्द मुळात शुद्ध करण्याचा आहे, आणि मराठी कानाला मात्र त्यात ‘शोध’ आधी ऐकू येतो. मुद्रितशोधन करणारा माणूस चूक शोधतोही आणि दुरुस्तही करतो. मी आयुष्यभर तेच काम केले. म्हणून ‘दोषशोधन’ हा शब्द मी सुचवतो.

अर्धविराम
आपला मान राखून असहमत आहे. ‘शोधन’ची ही दुहेरी छटा आज मराठीत राहिलेली नाही. ‘संशोधन’ या शब्दाकडेच पाहा. हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती असा आहे, घटनादुरुस्तीला ते ‘संविधान संशोधन’ म्हणतात. मराठीत मात्र त्याचा अर्थ केवळ शास्त्रीय शोध एवढाच उरला. मराठी माणूस ‘दोषशोधन’ वाचेल तेव्हा त्याला फक्त शोधणे कळेल आणि दुसरा अर्धा भाग गळून पडेल.

मुद्रितशोधक
मग तर तो डेव्हटूल्ससाठी अधिकच योग्य ठरतो, कारण ती साधने शोधण्यापुरतीच आहेत, हे आत्ताच वर सिद्ध झाले. शिवाय रक्तशोधन, जलशोधन या शब्दांत शुद्धीचा अर्थ आजही जिवंत आहे. तो मेला असे आपण कशावरून म्हणता?

जुनी वही
‘बग’चा (इंग्रजीत मूळ अर्थ किडा) उगम कोणी विचारला नसला तरी तो या चर्चेत यायला हवा, कारण ‘कीड’ किंवा ‘किडा’ असे शब्द लवकरच कोणीतरी सुचवेल. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क २ या संगणकाच्या रिलेमध्ये (विजेच्या स्विचमध्ये) पतंग हा कीटक सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मात्र त्यावरून हा शब्द जन्मला असे समजणे चूक आहे. एडिसनने १८७८ च्या एका पत्रात यंत्रातल्या बारीक अडचणींना ‘बग’च म्हटलेले आहे आणि पतंगाशेजारच्या नोंदीतही खराखुरा बग प्रथमच सापडल्याचे नवल आहे, म्हणजे लाक्षणिक अर्थ लिहिणाऱ्याला आधीच परिचित होता. तेव्हा किड्याचे भाषांतर करण्याची आपल्यावर सक्ती नाही. आपली क्रियापदे शोधावीत. चोराचा ‘छडा लावतात’, जनावराचा ‘माग काढतात’. ‘माग’ हा संस्कृत ‘मार्ग’पासून आला आणि ‘मार्ग’च्या मुळाशी ‘मृग’ आहे. हरणाच्या पावलांवरून जाणे हा त्याचा आदिम अर्थ. कॉल स्टॅक वाचत एका फंक्शनवरून त्याला बोलावणाऱ्या दुसऱ्या फंक्शनकडे मागे मागे जाणे, याला ‘माग काढणे’ याहून अचूक काय म्हणणार?

गाळणी
‘माग काढणे’ मनापासून आवडले. कॉल स्टॅकसाठी मी ते आजपासून वापरणार आहे. परंतु बटणावर आणि मेनूत क्रियापदाचे नाम लागते, आणि तिथे ‘डीबग’च राहील. कामाच्या ठिकाणी आम्ही दिवसभर ‘डीबग करून बघ’, ‘ब्रेकपॉइंट टाक’, ‘कन्सोल बघितलास का’ असेच बोलतो आणि ते मराठीच आहे. ज्याला ‘दोषशोधन’ शिकवले, त्याला अडचण आल्यावर मदतीचे एकही पान त्या शब्दाने सापडणार नाही.

अर्धविराम
शोधायला सोपे पडते म्हणून शब्द परका ठेवायचा, हा निकष मान्य केला तर मराठीत एकही तांत्रिक शब्द कधीच रुजणार नाही. ‘संगणक’ आणि ‘संकेतस्थळ’ हेही कोणीतरी हट्टाने वापरले म्हणूनच आज आपण ते सहज लिहितो.

कळफलक
चर्चेतून खूप मिळाले, त्याबद्दल सर्वांचे आभार. मला अजून ‘इनॅक्टिव्ह’साठी शब्द हवा आहे. ‘सुप्त’ का नको ते आता मला सांगता येईल. दरम्यान एक गोष्ट आढळली. फायरफॉक्समध्ये डीबगिंगच्या पानावरून एक्स्टेन्शन तात्पुरते लोड केले की पार्श्वभूमीची स्क्रिप्ट चालू आहे की थांबलेली, हे तिथे लिहून येते आणि ती संपवण्याचे बटणही शेजारी असते. ती भाषा अधिक स्पष्ट वाटते. मग दोन्हीकडे ‘थांबलेला’ किंवा ‘थांबलेली’ लिहावे का?

गाळणी
तिथे एक अडचण आहे. ब्रेकपॉइंट टाकला की कोड त्या ओळीपाशी येऊन थांबतो, आणि तेव्हाही आपण ‘थांबलेला’ असेच म्हणतो. त्या क्षणी सारी मूल्ये जागच्या जागी असतात, कर्सर नेऊन एकेक पाहता येतात, हवी असल्यास बदलताही येतात, आणि पुढे चालू केले की कोड तिथूनच पुढे जातो. ‘इनॅक्टिव्ह’मध्ये यातले काहीही नसते. मार्गदर्शिकेच्या एकाच प्रकरणात दोन्ही अवस्था येणार असतील, तर एकच शब्द दोघींना देऊन चालणार नाही.

अर्धविराम
मग ब्रेकपॉइंटवरच्या अवस्थेला ‘रोखलेला’ म्हणा. कोणीतरी बाहेरून अडवले आहे आणि सोडताच तो पुढे जाणार आहे, हे त्यात येते. ब्रेकपॉइंटला मात्र ‘थांबा’ हे नाम सुंदर बसते.

मुद्रितशोधक
‘थांबा’ बटणावर लिहिले की ती आज्ञा होईल. नाम कोणते आणि आज्ञार्थ कोणता हे वाचकाने कसे ओळखायचे? ‘रोखलेला’ मात्र घ्यावा. त्यामुळे ‘थांबलेला’ मोकळा होतो आणि कळफलक यांना वापरता येतो.

जुनी वही
मोकळा होत असला तरी मला तो अपुरा वाटतो. थांबलेली गोष्ट होती तिथूनच पुढे जाते, ही अपेक्षा त्या शब्दातही आहे. ‘चालू नाही’ असे दोन साधे शब्द का लिहू नयेत?

गाळणी
कारण त्याच चौकटीच्या कोपऱ्यात संपूर्ण एक्स्टेन्शन चालू-बंद करण्याची कळ आहे. ती चालू असताना खाली ‘चालू नाही’ दिसले, तर वाचक पहिल्यांदा तिच्याकडेच धाव घेईल, आणि कळफलक यांना भेटलेले रीलोड करणारे लोक पुन्हा त्याच जागी येतील.