थनाखा : लेप, गंध की उटणे?

अनुस्वार : म्यानमारवरच्या मजकुराचं भाषांतर करतेय. बायका-मुलं गालांवर थनाखा लावतात, तिथे मी 'चंदनाचा लेप' लिहिलं. संपादकांनी 'उटणे' केलं. बरोबर काय?

झाडपाला : चंदन तर नक्कीच नाही. चंदनाचा वास गाभ्याच्या लाकडाला असतो, थनाखाची साल उगाळतात. झाड लिंबाच्या कुळातलं, बेल-कवठाचं भाऊबंद. म्यानमारमधल्या श्वेबो आणि शिनमाडाउंगचा माल नावाजलेला. चांगल्या खोडासाठी झाड ३५ वर्षांचं तरी हवं असं मानतात.

वेलांटी : 'उटणे'ही चुकलं. उटणं चोळायचं आणि धुऊन टाकायचं. थनाखा सुकून दिवसभर चेहऱ्यावर राहतो, उन्हापासून जपतो. आधी सगळ्या चेहऱ्यावर पातळ हात, मग गालांवर दाट गोल ठिपका किंवा पानाची नक्षी.

सहाणवाली : क्रियापद मात्र आपल्याकडे तयार आहे : उगाळणे. गोल दगडी सहाण, कडेने पाणी निथळायला खाच. तिला 'च्याउप्यिन' म्हणतात. च्याउ म्हणजे दगड, प्यिन म्हणजे फळी. चमचाभर पाणी टाकून वीतभर खोडाची सालीची बाजू गोल फिरवायची. पाणी जास्त झालं तर ओघळ येतात आणि रंग बसत नाही. कमी पडलं तर गुठळ्या होतात, सुकल्यावर भेगा पडतात. उगाळून येतं ते गंध. माझं मत 'गंध'.

वेलांटी : गंध कपाळाला लावतात, त्याला देवपूजेचा वास आहे. गालावरचं गंध वाचून वाचक अडखळेल. 'लेप' म्हटलं की दुखऱ्या गुडघ्याचा. 'थनाखा'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत समजवा.

शुद्धमती : प्रत्येक वस्तूला परका शब्द घ्यायचा, तर आपले शब्द वापरायचे कधी? उगाळलेलं ते गंध, मग कपाळ असो वा गाल. देवाच्या अंगालाही गंधच लावतो.

अनुस्वार : ठेवलाच तर लिहायचा कसा? एके ठिकाणी 'तनखा' छापलेलं दिसलं.

झाडपाला : तनखा म्हणजे पगार! 'थ'च हवा.

लिपीकार : बर्मी लिपीत पहिलं अक्षर 'स' आहे, अक्षरशः लिहिलं तर 'सनप्खा' होईल. त्या 'स'चा उच्चार तिथे जीभ दातांना लावून होतो. रत्नागिरीत १८८६ ते १९१६ राहिलेल्या बर्मी राजाचं नावही बर्मीत 'स'नेच सुरू होतं, आणि मराठीने त्याला 'थिबा' केलं. पायंडा पडलेलाच आहे.

शुद्धमती : मग पालीतलं 'सासन' (बुद्धाची शिकवण) बर्मी तोंडी 'थाथना' होतं, तेही थाथनाच लिहायचं? 'सासन' तर आपलंच आहे.

लिपीकार : त्याला मूळ शब्द आहे, तो लिहा. सनप्खा मराठीत कोण ओळखणार?

शुद्धमती : 'थनाखा' तरी आज किती जण ओळखतात?