मदत हवी आहे: ओळखीच्याच पत्त्यावरून आलेली फाईल उघडली, आता छापखान्याचा कॉम्प्युटर कसा वाचवू?

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. कराडला बाबांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं अशी कामं असतात. मी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवारी जाऊन हिशेब बघते. एरवी बाबा आणि आमचे ऑपरेटर दादा, दोघंच असतात.

गेल्या मंगळवारी कागदाच्या व्यापाऱ्यांचा मेल आला. बारा वर्षांचा व्यवहार आहे त्यांच्याशी. मेल नवीन नव्हता, मागच्या महिन्यातल्या बिलाच्या मेललाच उत्तर होतं आणि खाली आमचंच जुनं बोलणं होतं. "मागील बाकी जुळत नाही, लेजर (खातेवही) तपासून कळवा", खाली एक लिंक आणि 'पासवर्ड १२३४'. दादांनी लिंक उघडली, झिप फाईल उतरली, पासवर्ड टाकला. आत एकच फाईल, तिच्यावर पीडीएफचं लाल चित्र. डबल क्लिक केल्यावर एक काळी चौकट क्षणभर चमकून गेली आणि काहीच उघडलं नाही. दादांनी परत क्लिक केलं, परत तेच. फाईल खराब असेल म्हणून सोडून दिलं.

शुक्रवारी त्याच पत्त्यावरून दुसरा मेल आला. ऑडिटमुळे नेहमीचं खातं बंद आहे, १,३८,००० रुपये या नव्या खात्यावर भरा. बाबांची सवय अशी की पैसे टाकायच्या आधी फोन करायचा. "टाकतोय हो आत्ता, खातं कधी बदललंत?" समोरून उत्तर आलं, कुठलं खातं?

पैसे वाचले. पण आता रात्रभर डोक्याला घोर आहे. मशीनमध्ये काय शिरलंय? अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन केलं, काही सापडलं नाही. फॉरमॅट मारावा तर डिझाइनचं जुनं कोरलड्रॉ आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी त्यातच आहे, सीड्या कुठे गेल्या कुणाला माहीत नाही, आणि ऐन लग्नसराईत वीसेक पत्रिका अर्धवट आहेत.

दुसरं म्हणजे, सगळीकडे एकच सल्ला दिसतो, अनोळखी मेल उघडू नका. हा अनोळखी नव्हता. आणि लोकांनी पाठवलेल्या फायली उघडणं हाच तर आमचा धंदा. फोटो, मॅटर, देवाचं चित्र, सगळं मेलनेच येतं. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?

एक विनंती. दादांना कोणी नावं ठेवू नका. माणूस दोन दिवस नीट जेवलेला नाही.

– निळीशाई

सह्यवारा

ताई, बाकीचं नंतर वाचा, हे आधी करा. बाबांना फोन लावा आणि त्या मशीनची नेटची वायर काढायला सांगा, वायफाय असेल तर तेही बंद. राउटरच बंद केला तरी चालेल.

दुसरं, त्या कॉम्प्युटरवरून एकही पासवर्ड बदलू नका. घाबरून पहिल्यांदा सगळे तेच करतात आणि नवा पासवर्डही चोराच्या हातात जातो. तुमच्या फोनवरून बदला. आधी मेलचा, मग बँकेचा, मग जीएसटीचा आणि इतर. मेल आधी का, तर बाकी कुठेही 'पासवर्ड विसरलो' दाबलं की लिंक मेलवरच येते. ती किल्ली चोराकडे राहिली तर बाकीची कुलपं बदलून उपयोग नाही.

चमकून जाणारी काळी चौकट ब्राउझरमधली माहिती उचलणाऱ्या प्रोग्रामची असू शकते. तो साठवलेले पासवर्ड नेतोच, पण ज्या कुकीजमुळे आपण रोज पासवर्ड न टाकता मेलमध्ये असतो त्याही नेतो. त्या हातात आल्या की ओटीपीही आड येत नाही. म्हणून खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. दोन टप्प्यांची पडताळणी त्यानंतर चालू करा.

देवनागर

मेल उघडून तीन टिंबांवर जा, 'शो ओरिजिनल' करा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. त्यांच्यासमोर पास आहे की फेल, ते इथे सांगा.

निळीशाई

सह्यवारा, नेट काढलंय. जीमेलचा आणि बँकेचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला, साइन आउट केलं. मनापासून आभार.

देवनागर, तिन्हीसमोर पास लिहिलंय. म्हणजे मेल खरा होता?

देवनागर

मेल खऱ्या खात्यातून आला, पण लिहिला दुसऱ्याने.

थोडं सविस्तर सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. ईमेलची मूळ रचना १९८२ सालची. तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच ठेवलेली नव्हती. आंतरदेशीय पत्रावर मागे प्रेषक म्हणून कोणीही काहीही लिहू शकतो ना, तसंच. पुढे लोकांनी बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या नावाने मेल पाठवायला सुरुवात केली, म्हणून या तीन तपासण्या आल्या. एसपीएफ सांगतं की हा मेल त्या नावाच्या परवानगी असलेल्या सर्व्हरवरूनच आला का. डीकेआयएम म्हणजे वाटेत मजकूर बदलला नाही याची सही. समोर दिसणारा पत्ता या दोन्हींपैकी निदान एकाशी जुळतो का, आणि जुळत नसेल तर काय करायचं, ते डीमार्क ठरवतं. पण तिन्ही तपासण्या पोस्टाच्या शिक्क्यापुरत्याच. व्यापाऱ्याच्या घरात शिरून, त्याच्याच टेबलावर बसून कोणी पत्र लिहिलं तर शिक्का खराच पडणार. तुमच्या व्यापाऱ्यांचं मेलचं खातं आधीच फुटलेलं आहे. त्यांना मेलने नको, फोन करून सांगा.

तुमच्या धंद्याला उपयोगी एक सवय. ग्राहकाची फाईल आली की लगेच डाउनलोड करू नका, मेलमध्येच प्रिव्ह्यू बघा. तो गूगलच्या सर्व्हरवर उघडतो, तुमच्या मशीनवर नाही. फोटो, पीडीएफ, वर्डचं मॅटर सगळं दिसतं. ग्राहकाच्या पत्रिकेचं मॅटर पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये यायचं काहीच कारण नाही. झिपला पासवर्ड लावतात तो वाटेतल्या तपासणीला आतलं दिसू नये म्हणून, आणि तोच पासवर्ड मेलमध्ये देतात. कुलूप लावायचं आणि किल्ली दारातच टांगायची, असं खरं गुपित असलेला माणूस कशाला करेल?

जुनाखिळा

वाचतोय. ऑपरेटरला दोष नाही हे अगदी खरं, मी स्वतः हे भोगलंय. मे २००० मध्ये आमच्या ऑफिसात 'आय लव्ह यू' आला होता. फिलिपिन्समधून सुटलेला तो व्हायरस ४ मेला जगभर पसरला. मला तो ओळखीच्या सहकाऱ्याच्या पत्त्यावरूनच आला, कारण आउटलुक या मेल प्रोग्रामच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला तो स्वतःच स्वतःला पाठवत होता. जोडलेल्या फाईलचं नाव डॉट टीएक्सटीने संपतंय असं दिसायचं. खरं शेपूट, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारा शेवटचा भाग, होतं डॉट व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज शेवटचं शेपूट लपवायचं, म्हणून लोकांना ते साधं पत्र वाटलं. पंचवीस वर्षं उलटली, विंडोज आजही शेपूट लपवतं.

फाईल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा. पण तेवढ्यावर विसंबू नका. शॉर्टकट फाईलचं (क्लिक केल्यावर दुसराच प्रोग्राम चालवू शकते ती) डॉट एलएनके हे शेपूट ही खूण करूनही दिसत नाही, ते कायम लपलेलंच असतं. तुमच्या दादांनी उघडलेली फाईल तीच असावी असा माझा अंदाज. त्या लाल चित्राच्या डाव्या कोपऱ्यात बारीकसा वाकडा बाण होता का, विचारा. आणि 'डीटेल्स'मध्ये 'टाइप'च्या रकान्यात काय लिहिलंय तेही बघा. पीडीएफ असेल तर पीडीएफ लिहिलेलं असतं, शॉर्टकट असेल तर शॉर्टकट.

निळीशाई

जुनाखिळा काका, अंगावर काटा आला. दादांना फोटो काढून पाठवायला सांगितला. बाण आहे! टाइपमध्ये शॉर्टकट लिहिलंय. दादा म्हणाले, "मला वाटलं तो बाण चित्राचाच भाग आहे."

आणि अजून एक सापडलं. जीमेलच्या सेटिंगमध्ये सहज 'फिल्टर्स' उघडलं. आम्ही आयुष्यात कधी फिल्टर केलेला नाही. तिथे एक होता. मेलमध्ये 'इनव्हॉइस', 'पेमेंट' किंवा 'अकाउंट' असा शब्द असेल तर तो इनबॉक्समध्ये येऊ द्यायचा नाही, वाचला म्हणून खूण करायची आणि एका अनोळखी पत्त्याला पुढे पाठवायचा. 'ऑल मेल'मध्ये बघितलं तर बुधवारपासून असे अकरा मेल पडलेत. त्यातला एक आमच्याच एका ग्राहकसंस्थेचा आहे, "नवीन खात्यावर ॲडव्हान्स ४५,००० भरले, पोच द्या."

आमचं खातं बदललेलंच नाही हो. 'सेंट'मध्ये आम्ही असं काही पाठवल्याचंही दिसत नाही. आता काय करू? त्या संस्थेच्या बाईंना तोंड कसं दाखवू?

सह्यवारा

आधी फोन करा त्यांना, आत्ताच. तुमच्या खात्यातून मेल पाठवून 'सेंट'मधून पुसून टाकला असणार. १९३० हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. ज्यांच्या खात्यातून पैसे गेले त्यांनीच लावायचा. यूटीआर नंबर (बँकेने व्यवहाराला दिलेला क्रमांक), तारीख-वेळ, रक्कम आणि पैसे गेले ते खातं हाताशी ठेवायला सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखायचे असतात, म्हणून इथे तास मोजायचे. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार. त्याच वेळी त्यांच्या बँकेलाही कळवायचं. तुम्ही तुमच्याकडून वेगळी तक्रार करा, खात्यात शिरकाव झाला म्हणून.

फिल्टरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच तो काढून टाका, पुरावा आहे तो. मूळ मेल पुसू नका. 'फॉरवर्डिंग'चं पान वेगळं असतं, तेही बघा. रिकव्हरीचा फोन आणि मेल तुमचाच आहे ना, खात्याला जोडलेल्या अनोळखी ॲप्सना परवानगी दिलेली नाही ना, हेही तपासा. फिल्टर राहून गेला असता तर पासवर्ड बदलूनही मेल बाहेर जातच राहिले असते.

मीनाक्षी_सांगली

ताई, तोंड दाखवायचं काय त्यात! मी अकाउंटंट आहे, अशी दोन प्रकरणं जवळून बघितलीत. लपवलं की नातं तुटतं, पहिल्या तासाला सांगितलं की टिकतं. अकराही जणांना फोन करा.

आणि बाबांना हे सांगा. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवण्याआधी खातं कोणाच्या नावाचं आहे ते बघायची सोय बँकांना द्यावी लागते. नवं खातं जोडताना स्क्रीनवर येणारं नाव मोठ्याने वाचायचं. व्यापाऱ्याच्या फर्मचं नाव नसून भलत्याच माणसाचं असेल तर तिथेच थांबायचं. शिवाय फोन करायची सवय आहेच, पण फोन जुन्या डायरीतल्या नंबरवर करायचा, मेलखाली दिलेल्या नंबरवर नाही.

देवनागर

फॉरमॅटचं बोलू. माझं मत स्पष्ट आहे, या मशीनवर परत भरवसा ठेवू नका. स्कॅनमध्ये काही आलं नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही. माहिती उचलून स्वतःला पुसून टाकणारे प्रोग्राम असतात. विंडोजमधल्याच डिफेंडर अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन करून बघा, ते विंडोज चालू होण्याआधी तपासतं. पण त्याने काही नाही सांगितलं तरी माझं मत तेच राहील. त्यातून विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

जुनाखिळा

देवनागर, तत्त्वतः मान्य. पण लग्नाची तारीख पुढे जात नाही. छापखान्यात वीस पत्रिका अडकल्यात आणि सॉफ्टवेअर परत चढवता येत नाही, तिथे फॉरमॅट म्हणजे दुकान बंद.

मी असं करेन. ते मशीन आहे तसं ठेवायचं, पण यापुढे नेटला कायमचं मुकवायचं. त्यावर फक्त डिझाइन आणि प्रिंट. मेल, बँक, जीएसटी यासाठी एक वेगळा साधा कॉम्प्युटर, सेकंडहँड चालेल पण विंडोज ११ चालणारा, आणि रोजच्या वापराचं विंडोजचं खातं ॲडमिन नसलेलं. ग्राहकाचा फोटो नव्या मशीनवरून जुन्यावर पेनड्राइव्हने न्यायचा. उलटं मात्र काहीही आणायचं नाही. प्रूफ ग्राहकाला दाखवायचं तर कागदावर काढून मोबाइलने फोटो काढायचा आणि पाठवायचा. मोसम संपला की जुनी डिस्क काढून कपाटात ठेवा, नवी एसएसडी टाका, सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा.

देवनागर

पेनड्राइव्ह एकाच दिशेने जाणार असेल तर माझी हरकत नाही. पण एकदा जुन्या मशीनला लावलेला ड्राइव्ह परत नव्याला लावणं म्हणजेही उलटं आणणंच झालं. चारपाच स्वस्त ड्राइव्ह घ्या आणि जुन्यावर गेलेल्यांवर लाल पट्टी चिकटवा.

निळीशाई

रविवार रात्र. सगळ्यांना एकदम उत्तर देते.

संस्थेच्या बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, "आधी नंबर सांग" म्हणाल्या. १९३० वर तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. ४५ पैकी ३१ हजार पुढच्या खात्यात रोखले गेलेत असं बँकेने सांगितलं, बाकीचे तोवर काढले गेले होते. रोखलेले परत कधी येतील ते अजून सांगितलेलं नाही. उरलेले चौदा हजार बाबा त्यांच्या पुढच्या बिलातून वजा करणार आहेत. त्या नको म्हणाल्या, बाबा ऐकणार नाहीत.

बाकीच्या दहा जणांना मी आणि बाबांनी मिळून फोन केले. एक जण उद्याच पैसे भरणार होते. कागदाच्या व्यापाऱ्यांच्या मुलाला फिल्टर कुठे बघायचा ते फोनवर सांगितलं. त्यांच्याकडेही तसाच निघाला, शब्दसुद्धा तेच.

उद्या सुट्टी टाकलीये. ओगलेवाडीला एकाकडे वापरलेला कॉम्प्युटर बघायला जातेय, आणल्यावर कुठली सेटिंग आधी करायची ते विचारायला परत येईन. दादांनी स्वतःहून पेनड्राइव्हना लाल पट्ट्या लावून ठेवल्यात, बाइंडिंगच्या कापडी टेपच्या. आणि आज दुपारी आमच्याबरोबर जेवले.