मदत हवी आहे: चढावर वाफेचा दाब पडतो

माझं वाफेचं मॉडेल रेल्वे इंजिन ३२ मिमी गेजचं (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), ब्यूटेन गॅसवर चालणारं. सपाट रुळांवर दाब ४० पीएसआयवर टिकतो. पण चार डबे जोडून १:४० चा चढ लागला की निम्म्यावर येतो, आणि गॅसची टाकी गारठते. जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक असलेला भाग) सॉल्व्हंटने साफ केलाय (तार घातली तर भोक मोठं होतं, ती टाळाच). ज्योत निळी, आवाज एकसारखा. म्हणून संशय टाकीवरच: द्रव ब्यूटेन वायू होताना उष्णता शोषतो, टाकी थंड पडते, गॅसचा दाब उतरतो.

टाकीभोवती कोमट पाण्यासाठी पितळी पत्र्याचं खोकं बसवायचा विचार आहे. पाणी ४० अंशांच्या आत पुरेल का? खोक्यावर, दिसण्यापुरता, खऱ्या कोळशाच्या चुऱ्याचा सुटा ट्रेही हवाय, पण गॅस भरायचा व्हॉल्व्ह मोकळा राहिला पाहिजे. खोक्याची मापं कुणाकडे असतील तर कृपया द्या.