मेंदू म्हातारा, खापर आईच्या माथी?

सातपूरची सून: काल सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ढकललं: 'मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून काहींचा मेंदू तिशीतच म्हातारा होतो. स्थळ बघताना मुलीच्या आईची तब्येतही बघा.' खाली सतरा अंगठे! वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली माझी. अर्धं खरं आहे म्हणून जास्त चिडले. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली वीजघरं; त्यांचा डीएनए आईचा, कबूल. पण त्यात जनुकं ३७, त्यावरून प्रथिनं बनतात १३. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकीची हजारभर प्रथिनं पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून येतात, ती आईबाप दोघांची. बापाला का सोडलं?

पंचवटीकर: ताई, स्थळाचं सोडा, मूळ मुद्दा चुकीचा नाही. मेंदू वजनाला २ टक्के, ऑक्सिजन खातो २० टक्के. वीजघर बिघडलं की अंधार आधी तिथेच. २००४ मध्ये उंदरांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल मुद्दाम चुकेल असं केलं, तर ते अकाली म्हातारे झाले. लेबर नावाच्या डोळ्यांच्या आनुवंशिक आजारात ऐन विशीत पोरांची नजर जाते, तीही याच डीएनएमुळे.

सातपूरची सून: त्या उंदरांत चुका किती पटींनी वाढवल्या होत्या, तेही लिहा की. आणि लेबरचा दोष अंगात असूनही कित्येकांची नजर शाबूत राहते, बायकांपैकी तर बहुतेकींची. सिगारेटने धोका वाढतो. ती काय आईने ओढायला लावली?

अंबड नाइट: मी सांगतो. चार वर्षं रात्रपाळी. एकोणतिसाव्या वर्षी स्वतःच्या पोरीला भाचीच्या नावाने हाक मारली. आई ७१ ची, दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीची मजुरी कागदाशिवाय सांगते. तिचेच मायटोकॉन्ड्रिया ना माझ्यात?

पंचवटीकर: तिचेच, पण तेवढ्याने ठरत नाही. पेशीत त्या डीएनएच्या शेकडो प्रती असतात. बिघडलेल्या किती, हे एकाच आईच्या दोन लेकरांतही वेगळं निघतं.

अंबड नाइट: मग आईकडे बघून कळणार काय, कप्पाळ?

निवृत्त काका: रात्रपाळीचं कौतुक सांगू नका. ३१ वर्षं तिन्ही पाळ्या केल्या, सकाळी सुटलो की मिसळ, मग झोप. काही विसरलो नाही. तुमची पिढी मोबाइलने गेली.

अंबड नाइट: काका, मागच्या महिन्यात स्कूटर कॉलेज रोडला लावून रिक्षाने घरी कोण आलं?

निवृत्त काका: ताप होता मला.

अंबड नाइट: तुमच्या वेळी पाळी आठवड्याने बदलायची. आमची कंत्राटदार दोन दिवसांवर फिरवतो. झोप कधी धरायची? चार तास मिळाली तरी नशीब, वर ग्रुपवर 'ब्रेन बूस्टर' गोळ्या विकणारे.

निवृत्त काका: मग सोडा नोकरी.

अंबड नाइट: हप्ता तुम्ही भरा!

सातपूरची सून: भांडा नंतर. माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, तिच्या आईला फिट येते म्हणून. तेव्हा डीएनए हा शब्दसुद्धा कुणी काढला नव्हता. आता त्यांच्या हातात शास्त्राचा कागद दिलात. आणि हिशेबच करायचा तर नवऱ्याच्या मेंदूतले मायटोकॉन्ड्रियासुद्धा त्याच्या आईचेच. तो विसराळू निघाला तर सासूबाईंची फाइल मागायची का?

पंचवटीकर: बरं बाई, जिंकलात. उंदीर मात्र मी सोडणार नाही. सतरा अंगठ्यांतला एक माझा होता. काढलाय.

सातपूरची सून: सोळा राहिले.