अनुभव धागा: घरच्या रेकॉर्डिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेतलंत?

आई ७८ वर्षांची आहे. तिच्या आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या तिला पाठ आहेत, मोजल्या तर शंभराच्या वर भरल्या. आवाज अजून शाबूत आहे, दम मात्र कमी होत चाललाय. दिवाळीच्या आत सगळ्या ओव्या नीट रेकॉर्ड करायच्या असं ठरवलंय. घरात विंडोजचा लॅपटॉप आहे, माईक आणि इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी) घ्यायची तयारी आहे, पण सॉफ्टवेअरची नावं वाचूनच गोंधळायला होतं. ज्यांनी घरी गाणं, वादन, अभिवाचन काहीही रेकॉर्ड केलंय त्यांनी लिहा: काय वापरलंत, किती पैसे गेले, कुठे अडलात. नुसतं 'अमुक बेस्ट' नको, तुमच्याकडे काय घडलं ते हवंय.

कोल्हापूर, भजनी मंडळ
ऑडॅसिटी. फुकट आहे आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आम्ही एकच माईक मध्ये ठेवून गातो, ढीगभर ट्रॅक (प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी) लागतच नाहीत. पूर्वी एखादा इफेक्ट लावला की तो आवाजात कायमचा मुरायचा. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून ऐकता ऐकता लावून बघता येतो, नको तर काढता येतो.

एक मात्र जपा. जुन्या आवृत्तीत प्रोजेक्टच्या फाइलशेजारी एक डेटाचं फोल्डर असायचं. जागा करायची म्हणून मी ते पुसलं आणि अकरा अभंग गेले. त्यातला एक आमच्या पखवाजी काकांनी वाजवलेला शेवटचा होता. २०२१ पासून सगळं एकाच फाइलमध्ये राहतं, तरी मी त्याच रात्री वेव्ह फाइल (न दाबलेला मूळ आवाज) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो.

पुणे, गायन आणि पेटी
मी रीपर वापरते, चौथं वर्ष. एके काळी गाणी ऐकायचं विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांचंच हे काम. ६० दिवस काहीही न कापता पूर्ण वापरून बघता येतं. नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलर, दरमहा भाडं नाही.

पहिल्याच महिन्यात मी ते सोडणार होते. हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून यायचा, तान घेताना जीव अडकायचा. मला वाटलं सॉफ्टवेअर वाईट. कारण निघालं बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे जेवढे नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा. तो १०२४ वर होता. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) १०२४ म्हणजे आवाज आत येताना किंवा बाहेर जाताना, एकाच बाजूला २१ मिलिसेकंद उशीर. १२८ वर आणला की पावणेतीनच्या आत. मिक्स करताना तो परत वाढवायचा, नाहीतर लॅपटॉपला झेपत नाही आणि आवाजात कडकड येते. विंडोजवर इंटरफेससोबतचा असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा छोटा प्रोग्राम) आठवणीने टाका, माझा निम्मा त्रास तिथेच संपला.

तालाचं सांगते. रूपकासाठी ७/४, झपतालासाठी १०/४ असं मांडलं की सम पडद्यावर दिसते. तबल्याबरोबर तुकडे जोडताना याचा फार उपयोग होतो. ख्यालाला मात्र क्लिकही (कानात पडणारे मात्रांचे ठोके) बंद आणि ग्रिडला (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांना) चिकटणंही बंद.

एकदा मिक्ससाठी स्टुडिओत जाताना पेनड्राइव्हवर फक्त प्रोजेक्टची फाइल नेली. उघडली तर सगळे ट्रॅक मुके. त्या फाइलमध्ये कुठे काय लावलंय एवढीच नोंद असते, आवाज वेगळ्या वेव्ह फाइलींमध्ये असतो. दोन तासांचे पैसे भरून परत आले. सेव्ह करताना सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय असतो. पहिल्या दिवशीच त्यावर खूण करा.

नागपूर
विंडोजऐवजी लिनक्स असेल तर आर्डर बघा. सोर्स मोकळा आहे, लिनक्सच्या बऱ्याच प्रकारांच्या (डिस्ट्रोंच्या) सॉफ्टवेअर भांडारात सापडतं. एलएमएमएस बीट बांधायला छान आहे, पण माईकवरून गाणं घेण्यासाठी ते नाही. माझे त्यात आठ दिवस गेले.

डोंबिवली
मी नावाजलेल्या महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी टाकली होती. टाकताना अँटिव्हायरस बंद करावा लागला. दोन आठवड्यांनी लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइलींना कुलूप आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी. कॉलेजच्या बँडची वर्षभराची गाणी त्यात होती, एकही परत मिळालं नाही. कुणीही हा रस्ता धरू नका, कळकळीने सांगतोय. आता दादाच्या जुन्या आयफोनवर गॅरेजबँड आहे, फुकट. ते प्रोजेक्ट मॅकवर उघडतात, विंडोजवर नाही.

न्यू जर्सी
गणपतीच्या आरत्यांसाठी सहा घरांतून आवाज मागवले होते. पाच जणांनी व्हॉट्सअॅपवर पाठवले, ते दाबले जाऊन चिरके झाले. वेव्ह फाइल गूगल ड्राइव्हवरच मागा.

मिरज, गाणं शिकवतो
कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, सूर आपोआप दुरुस्त करणारं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) ओव्यांवर लावू नका. ते आवाजाला पियानोच्या पट्टीत ओढतं आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पायऱ्यापायऱ्यांची होते. माझ्या एका विद्यार्थिनीची भैरवी अशीच गेली, मूळ टेकही ठेवला नव्हता. पेटी साथीला असेल तर तंबोऱ्याचं अॅप आधी पेटीशी जुळवा. प्रत्येक पेटी ४४० हर्ट्झला, म्हणजे प्रमाण पट्टीला, असतेच असं नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांच्या अभंगाचं वाचून गलबलून आलं. एक विचारते. आई म्हणते, जातं फिरल्याशिवाय ओवी तोंडात येत नाही. जात्याची घरघर वेगळी घेऊन नंतर जोडावी का?

पुणे, गायन आणि पेटी
वेगळी अजिबात नको, तिची लय जात्याच्या फेऱ्यात आहे. दोन माईक, दोन इनपुटांचा इंटरफेस, दोन ट्रॅक एकाच वेळी. एक माईक ओठांपासून वीतभर, दुसरा खाली जात्याकडे. मग घरघर हवी तेवढीच ठेवता येते.

कोल्हापूर, भजनी मंडळ
हे ऑडॅसिटीतही होतं. स्टिरिओ रेकॉर्ड करा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला जातं. नंतर त्याचे दोन मोनो ट्रॅक करता येतात. वाचलेल्या पैशांत चांगला माईक घ्या. जात्याखाली जाड गोधडी घाला, फरशीची थरथर माईकच्या स्टँडमधून वर चढते.

धागाकर्ती
मग आधी ऑडॅसिटी, आणि इंटरफेस दोन इनपुटांचाच. तो शनिवारी येतोय. आईने जातं धुऊन ठेवलंय आणि दळायला ज्वारी काढलीय. पहाटे पाचला बसायचं ठरलंय, तेव्हा रस्त्यावर रिक्षा नसतात.