अनुभव धागा: टीव्हीवरची माणसं आडवी का दिसतात?

मांजराकाठ
सह्याद्रीवर जुनं कीर्तन लागलंय अन् बुवा पार आडवे ताणलेत. शटरवाला चौकोनी टीव्ही आठवला. ते चित्रीकरण ४:३ चं (रुंदी ४ तर उंची ३), आताचा पडदा १६:९. पडदाभर ताणलं की रुंदी एक तृतीयांशानं वाढते. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइज ४:३ करा. दोन्ही कडांना काळे पट्टे येतील, येऊ द्या. माणूस माणसासारखा तरी दिसतो. तुम्हाला काय काय ठाऊक आहे, लिहा.

बालाघाट
काका, आधी सेटटॉप बॉक्स बघा. ही सेटिंग दोन्हीकडं असते. बॉक्स ४:३ लेटरबॉक्सवर (वर-खाली काळे पट्टे) अन् टीव्हीही ४:३ वर असला की नवीन कार्यक्रम चारी बाजूंनी काळ्या चौकटीत अडकतो. बॉक्स कायम १६:९ ला ठेवा, रिझोल्यूशन १०८०. बदल करायचा तो टीव्हीवरच.

गोदामाय
बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जायलीय, त्याचं काय?

बालाघाट
ताई, तो ओव्हरस्कॅन. टीव्ही कडा छाटून चित्र मोठं करतो. पिक्चर साइजमध्ये स्क्रीन फिट नाहीतर जस्ट स्कॅन घ्या, कंपनीगणिक नाव बदलतं. एचडीएमआय वायर लावा. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीतून एचडी येतच नाही.

औंढ्याकडचा
चॅनल बदलेना म्हणून म्हातारी माणसं टीव्हीच्या रिमोटवर प्लस-मायनस दाबत बसतात. चॅनल बॉक्सच्या रिमोटनं बदलायचा. सोर्स (टीव्हीनं कुठल्या वायरीचं चित्र घ्यायचं ते) हलला की 'नो सिग्नल' येतं. मग बॉक्सचं मेनू बटण दाबा. मेनू दिसला तर टीव्ही अन् वायर ठीक, छत्रीकडं बघा. नाही दिसला तर बॉक्स चालू आहे का बघा, मग टीव्हीचं सोर्स दाबून वायर ज्या एचडीएमआयमध्ये आहे तो नंबर निवडा.

तूरडाळ
भाऊ, नांदेडकडं पाऊस हाय का? इकडं नुसतं आभाळ.

औंढ्याकडचा
हाय ना, जोराचा. सिग्नलबी गेलाय. छत्रीवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरींना दाट पाऊस सोसत नाही, उघडला की आपोआप येतो. तेवढ्यासाठी छत्री हलवू नका.

गच्चीवरून
फ्री डिशवाल्यांसाठी. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. लातूर-नांदेडातून छत्री आग्नेयेला, नेम जमिनीपासून साधारण ६० अंश वर. पण छत्री ऑफसेट (तिरक्या नेमाची) असते, तोंड दिसतं त्याहून बरीच वर बघत असते. म्हणून नजरेनं नेम धरू नका. नट किंचित सैल करा, क्वालिटीची पट्टी बघत बोटभर सरकवा अन् थांबा, पट्टीला वाढायला वेळ लागतो.
अर्धेच चॅनल दिसत असतील तर वायरीचं टोक सोलून बघा. छत्रीपुढच्या एलएनबीला (सिग्नल पकडणारा डबा) एका पोलरायझेशनसाठी, म्हणजे लहरींच्या एका दिशेसाठी, १३ व्होल्ट लागतात, दुसऱ्यासाठी १८; वायर खराब असली की एका दिशेचे चॅनल जातात. पाणी शिरून तांबं काळंहिरवं पडलं असेल तर तेवढं कापा, मधली तार दोन-तीन मिलिमीटर पुढं ठेवा. वायरीतल्या बाहेरच्या जाळीचा एक केससुद्धा तिला चिकटता कामा नये, शॉर्ट होतं.

गोदामाय
अन् चॅनलचे नंबरच बदलले असले तर?

गच्चीवरून
ऑटो स्कॅन करा, मग आवडीचे चॅनल फेव्हरिटमध्ये टाका. जुन्या एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) बॉक्सवर नव्या एमपेग-४ चे चॅनल येत नाहीत, कितीही स्कॅन केलं तरी.

तूरडाळ
आमचा रिमोटच चालंना.

मांजराकाठ
मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यापुढं धरा अन् बटण दाबा. जांभळट उजेड लुकलुकला तर रिमोट बरा. नसला तर सेल बदला, स्प्रिंगवरची पांढरी बुरशी खरवडून मग.