शनिवार-रविवारचे दोन तास आणि वाचायला काहीतरी... सुचवा ना

ओवी_ठाणे

नमस्कार मंडळी, खूप महिन्यांनी इथे लिहितेय. घरात बरंच काही चाललंय म्हणून वाचनमात्र होते, तेही क्वचितच.

एप्रिलमध्ये सासूबाईंना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तीन आठवडे हॉस्पिटल, मग घरी. आता नाकातली नळी निघालीय, मऊ वरणभात भरवला की खातात, पण बाकी सगळं पलंगावरच. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर, पाठ बघायची कुठे लाल झालीय का, सकाळी ९ ला फिजिओ. सोमवार ते शुक्रवार दिवसा ब्युरोची मावशी असते म्हणून माझं ऑफिसचं काम तरी होतं, शनिवार-रविवार तिची सुट्टी. म्हणजे लोक वीकेंडची वाट बघतात आणि आम्हाला शुक्रवार संध्याकाळपासून धडकी भरते. नवरा सगळं करतो, त्याच्याबद्दल अजिबात तक्रार नाही, पण तोही दमलाय आणि मुलाचं दहावीचं वर्ष आहे.

त्यात हा पाऊस. रोज तीन-चार चादरी निघतात आणि एकही वाळत नाही. परवा रात्री साडेअकराला मी ओली चादर इस्त्रीने वाळवत उभी होते, सगळ्या खोलीत तो दमट वाफेचा वास, आणि मला एकदम रडूच कोसळलं. तसं त्या दिवशी वेगळं काहीच झालं नव्हतं.

तर नणंद म्हणालीय की ती आता दर शनिवारी ४ ते ६ येऊन बसेल. हे दोन तास पूर्ण माझे. आणि मला कळतच नाहीये त्यांचं काय करायचं! आधी मी महिन्याला चार-पाच पुस्तकं वाचायचे, आता एक पान तीनदा वाचते तरी डोक्यात काही जात नाही. जाडजूड कादंबरी तर नकोच वाटते. आणि खरं सांगायचं तर घरात हे असताना मी पुस्तक घेऊन बसले की फार अपराधी वाटतं, कोणी काही म्हणत नाही तरी.

तुम्ही अशा काळात काय वाचलंत? आणि छोट्या छोट्या काय गोष्टी केल्यात ज्याने बरं वाटलं? बाहेरगावी वगैरे शक्य नाही, फार तर अर्ध्या तासावर जाऊन येण्यासारखं.

शमी

ओवी, आधी एक घट्ट मिठी. चादरीचं वाचून पोटात तुटलं गं.

तू ठाण्यात आहेस ना, मग शनिवारी ४ ला छत्री घेऊन सरळ घराबाहेर पड. घरात थांबलीस तर नणंद दर दहा मिनिटांनी हाक मारणार, वहिनी ते औषध कुठंय, वहिनी हे कसं करायचं, आणि दोन तास कुठे गेले तुला कळणारही नाही. तलावपाळीला एक चक्कर मार, पावसात तिथे गर्दी कमी असते, कुठेतरी बसून कटिंग चहा घे आणि येताना जांभळी नाक्याला मार्केटमध्ये जा. आत्ता आषाढात रानभाज्या आल्यात, टाकळा, फोडशी, कुर्डू, कंटोळी. त्या बायकांकडे टोपलीसमोर उकिडवं बसून भाजी घ्यायची, त्यांना विचारायचं ही कशी करता तुम्ही, आणि त्या इतक्या मनापासून सांगतात. मी बाबांच्या आजारपणात दर रविवारी हेच करायचे. बाकी आठवडाभर माझ्याशी लोक फक्त बाबांच्या तब्येतीबद्दल बोलायचे, ती भाजीवाली एकटी माझ्याशी भाजीबद्दल बोलायची.

वाचायचं काय ते इथले जाणकार सांगतीलच.

रातराणी_नागपूर

मी वेगळं सांगते, राग मानू नकोस. पहिले दोन शनिवार नुसती झोप. नणंदेला सांग मला उठवायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत, दार लावून झोप. पान तीनदा वाचून डोक्यात जात नाही ते पुस्तकाचं काही नाही गं, झोप तुटलीय तुझी, रात्री पण दोन-दोन तासांनी उठत असशील ना. वाचन हे आणखी एक 'करायचं राहिलेलं काम' होऊ देऊ नकोस. झोप भरली की पुस्तक आपोआप हातात येईल.

जुनी_पुस्तके

ओवीताई, मी ३१ वर्षं ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरला होतो, आता निवृत्त आहे. अनुभवाने सांगतो, ज्यांच्या घरी आजारपण असायचं ते वाचक लगेच ओळखू यायचे. नवीन पुस्तकांच्या कपाटाकडे ते फिरकायचेच नाहीत. दहा वर्षांपूर्वी नेलेलं पुस्तक परत मागायचे. सुरुवातीला मला नवल वाटायचं, मग आमच्या घरी आई अंथरुणाला खिळली तेव्हा कळलं. ज्या गोष्टीचा शेवट आपल्याला माहीत आहे ती वाचताना जीव टांगणीला लागत नाही, मधेच कोणी हाक मारली तर पुस्तक उपडं ठेवून उठता येतं. तेव्हा तुम्हाला माझं पहिलं सांगणं हे की नवीन काही शोधूच नका. कॉलेजात आवडलेलं एक पुस्तक काढा.

तरी नावं हवीत तर तीन सांगतो.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. १९५६ सालचं पुस्तक, मराठी महिन्यांप्रमाणे एकेक लेख. सलग वाचायचं ओझं नाही, आत्ता आषाढ चालू आहे तर आषाढाचाच लेख वाचायचा आणि पुस्तक मिटून ठेवायचं, श्रावण लागला की परत उघडायचं. आणि ते वाचल्यावर खिडकीतून बघायला होतं हो, समोरच्या झाडाला काय फुटलंय ते दिसायला लागतं. आईच्या खोलीच्या खिडकीबाहेर करंज होता, मी त्या घरात चाळीस वर्षं राहत होतो आणि त्याच्याकडे नीट बघितलं ते त्या वर्षी.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून चार भागांत आलं. त्या बाईंनी काय काय सोसलं ते तुम्हाला माहीत असेलच, १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला, पुढे कित्येक वर्षं नवरा एकीकडे आणि या एकीकडे. पण सांगण्यात कुठे रडगाणं नाही. शेजारी बसून भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलतात. दुःख असूनही घरात हसू असू शकतं हे मी कुठल्या उपदेशाच्या पुस्तकात नाही, इथे वाचलं.

तिसरं प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा, 'वनवास' पासून सुरुवात करा. एक कथा एका बैठकीत होते आणि तो मुलगा ज्या डोळ्यांनी जग बघतो त्याने आपलाही शीण उतरतो. तुमच्या दहावीवाल्यालाही द्या.

तुमच्याच गावात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालचं. पुस्तकं विकत घेऊ नका असं नाही, पण या दिवसांत ग्रंथालयाचा एक फायदा असतो, पुस्तक बदलायला जावंच लागतं. घराबाहेर पडायला ते एक बरं कारण.

आणि अपराधी वाटण्याबद्दल. तुम्ही आठवडाभर त्यांचं अंग पुसता, भरवता. पुस्तक घेऊन बसलात तर त्यांचं काही कमी होत नाही. मी हे आईच्या वेळी स्वतःला सांगितलं नाही, दीड वर्ष एक ओळ वाचली नाही, आणि त्याने आईचं काही भलं झालं असं मला आजही वाटत नाही.

डब्लिनकर

ओवी, मी उलट्या बाजूची, म्हणजे तुझी नणंद जिथे आहे तिथली पण समुद्रापलीकडे. बाबांना पार्किन्सन्स आहे, आई नाशिकला एकटी त्यांचं सगळं करते आणि मी इथे. पैसे पाठवणं सोडून माझ्या हातून काहीच होत नाही हे मला फार खायचं. मग गेल्या वर्षीपासून आम्ही असं सुरू केलं की रविवारी आमचे सकाळचे १० वाजले, म्हणजे आत्ता उन्हाळ्यात तिकडे दुपारचे अडीच, मी व्हिडिओ कॉल लावते, आई फोन बाबांच्या उशाशी टेकवून ठेवते आणि मी तासभर त्यांना वाचून दाखवते. पेपरची रविवारची पुरवणी, कधी कथा, कधी नुसतं शब्दकोडं घेऊन बसतो आणि आडवे ७ काय असेल यावर वाद घालतो. तेवढा वेळ आई आतल्या खोलीत झोपते नाहीतर सावानात जाऊन पुस्तक बदलून येते (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय गं, १८४० पासूनचं, आईचा प्राण आहे तिथे). बाबांचा कधी कधी वाचताना डोळा लागतो, मी तरी वाचत राहते कारण थांबले की जागे होतात.

कोणी लांबचं असेल ना तुमच्याकडे, दीर, भाचा, कोणीही, त्याला हे काम दे. आम्हाला असं काहीतरी ठरलेलं काम हवंच असतं, मागायला तुम्ही संकोच करता.

आजीची_पोतडी

ओवी बाळा, मी सांगलीची, वय ६७. आमच्या ह्यांना सहा वर्षांमागं असाच झटका आला, तशीच उजवी बाजू आणि वाचा. म्हणून तुला दोन गोष्टी सांगते, त्या मला कुणी लवकर सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक म्हणजे बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. आम्ही पहिले दोन महिने त्यांच्यासमोर बिलांचं बोलायचो, आता कसं व्हायचं बोलायचो, आणि ते सगळं ऐकत होते. मग स्पीच थेरपीवाल्या मुलीनं सांगितलं की काका, आकडे म्हणा, वार म्हणा, आरती म्हणा, जे लहानपणापासून तोंडात बसलंय ते बऱ्याचदा शिल्लक राहतं. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्यांनी माझ्याबरोबर गणपतीची आरती सुरू केली, पहिली ओळ मी म्हणाले, दुसरीला ओठ हलले, तिसरीला आवाज आला. मी हातातली ताटली खाली ठेवली आणि तशीच उभी राहिले. म्हणजे त्यानंतर बोलायला लागले असं नाही, पाणी म्हणायला पुढं चार महिने गेले. सगळ्यांचं असंच होईल असंही नाही. पण त्या दिवशी घरात आवाज आला. तेव्हा सासूबाईंना जे पाठ असेल, रामरक्षा, पाढे, ओव्या, ते त्यांच्याजवळ बसून सावकाश म्हण. तुझं वाचनही थोडं मोठ्यानं कर. एक पान त्यांच्यासाठी, मग तुझं तुझं.

दुसरं, त्यांचा डावा हात चांगला आहे ना? मग त्याला काम दे. तुम्ही सगळे त्यांचं करताय आणि त्या नुसत्या करवून घेतायत, आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला ते किती जड जात असेल. शमीनं भाजीचं सांगितलंय ते चांगलं आहे, ती भाजी आणून त्यांच्यापुढं ठेव. एका हातानं निवडू देत. वेळ लागेल, सांडेल, लागू दे.

आणि चादरींखाली रबरी शीट घालून त्यावर जुन्या सुती साडीचे दुमडलेले तुकडे टाकत जा, तेवढेच बदलायचे, अख्खी चादर दर वेळी निघत नाही. साडी लवकर वाळते सुद्धा.

ओवी_ठाणे

सगळ्यांचे खूप खूप आभार, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. रातराणी, पहिल्या शनिवारी खरंच झोपले. साडेसहाला उठले, नणंद म्हणाली उठवलं नाही मुद्दाम. साडीच्या तुकड्यांनी चादरी दिवसाला एकीवर आल्यात, पोतडी काकू, तुमचे पाय धरायला हवेत.

काल शनिवार होता. ४ ला बाहेर पडले, ग्रंथ संग्रहालयात जाऊन 'ऋतुचक्र' घेतलं, चहा घेतला, जांभळी नाक्याला फोडशीच्या चार जुड्या मिळाल्या. संध्याकाळी आईंच्या पलंगाची पाठ वर केली, मांडीवर पेपर पसरला आणि भाजी ठेवली. मला वाटलं नव्हतं त्या बघतील सुद्धा. बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग डाव्या हाताने एक पात उचलली, बोटाने चाचपली आणि खालचा पांढरा भाग सोलायचा प्रयत्न करायला लागल्या. उजव्या हाताखाली देठ दाबून धरायचा आणि डाव्याने ओढायचं, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं! तो उजवा हात जड म्हणून आम्ही उशीवर नुसता ठेवून देतो, त्याचा त्यांनी वजन म्हणून वापर केला.

मी शेजारी बसून आषाढाचा लेख मोठ्याने वाचत होते आणि मधे मधे भाजी निवडत होते. फोडशीला आतला तो जाड दांडा काढायचा असतो हे मला माहीतच नव्हतं, मी आपली माती झटकून निवडलेल्यात टाकत होते. आईंनी माझ्या ढिगातून एकेक पात उचलली आणि परत माझ्या बाजूला ठेवली. सगळ्या. मग एक स्वतः सोलून, दांडा काढून, माझ्या पुस्तकावर आणून ठेवली, बघ अशी. ४२ वर्षं त्यांनी हे घर सांभाळलंय आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांनी काहीतरी शिकवलं. नवरा दारात उभा होता, तो आत निघून गेला.

चार जुड्यांना दीड तास लागला. चणाडाळ घालून भाजी केली, त्यांच्यासाठी मिक्सरमधून काढून भातात कालवली, सहा घास खाल्ले.

पाढे आज सकाळी करून बघितले, अजून काही नाही, ओठ पण हलले नाहीत. रामरक्षा उद्यापासून. डब्लिनकर, धाकटे दीर बंगलोरला असतात, त्यांना फोन केला, रविवारी ११ ते १२ त्यांनी घेतलंय, काय वाचू म्हणून तेच मला विचारत होते.

कुर्डू कशी निवडतात कुणाला माहीत आहे का? पुढच्या शनिवारी आणायचा विचार आहे. म्हणजे मला आधी माहीत असलेलं बरं.